पालथी कढई

११ जून १९३१

आज घराला छप्पर झालं. आमच्या कुळातलं पहिलं न हलणारं छप्पर, आणि ते घातलं कोणी, तर मी! ज्या तिलेकला गेल्या नऊ वर्षांत एका जागी सलग दोन हिवाळे काढता आले नाहीत, त्यानं. रेल्वेच्या यार्डात कोळसा ओढला, कापसाच्या गोदामात झोपलो, एका सर्कशीमागे गावोगाव फिरलो. त्या सर्कशीतल्या उंटाला माझा इतका लळा लागला होता की मी दिसलो नाही तर तो चारा खायचा नाही. असो, उंटाचं पुन्हा कधी. गेल्या पानगळीत आपल्या माणसांत परतलो तर भाऊ अजून तंबू घोड्यावर लादून एका कुरणातून दुसऱ्या कुरणात हिंडतोय. म्हटलं, पुरे झालं.

कोकजारच्या ओढ्याकाठी आता सहा घरं आहेत. मातीच्या विटांची. वासे कमी पडले तिथे तंबूच्या काठ्या वापरल्या, लोकरीचे नमदे छपरात घातले. तंबूच्या माथ्यावरचं गोल लाकडी कडं, ज्यातून धूर जायचा आणि आभाळ दिसायचं, ते करवतीनं कापून मी खिडकीची चौकट केली. आजोबांच्या हातचं होतं ते. काराताय दादा शेजारी उभा होता. करवत थांबली. मग भुसा मुठीत घेऊन हुंगला आणि म्हणाला, "अजून वास आहे लाकडाला."

कलीपा आत्या मात्र उंबरा ओलांडत नाही. बाहेर भिंतीला टेकून झोपते.

"आत ये गं, अस्वल नेईल तुला."

"अस्वलसुद्धा थंडी सरली की गुहा सोडतं," ती म्हणाली. "तू ही कधी सोडणार ते सांग, मग येते."

१५ जून

अक्षरवर्गात एक हिवाळा बसलो तेव्हा मास्तरांनी एक गोष्ट सांगितली होती. माणूस आधी शिकार करत हिंडायचा. जिथे हरीण तिथे तो. मग कुणीतरी रानातलं धान्य मूठभर पेरलं, उगवेपर्यंत तिथे थांबला, आणि थांबला तो थांबलाच. त्याची घरं झाली, गावं झाली. आज चहा पिताना सगळ्यांना ऐकवली. आमचे जव वीतभर वर आले आहेत, तेव्हा गोष्ट शोभली.

पुतणी जिपार सहा वर्षांची आहे, पण प्रश्न साठीचे. "मग हरणांना कुणी सांगितलं का, की हा आता येणार नाही म्हणून?"

बुरमाके वहिनी हसून म्हणाली, "तुझ्या काकाला पाठवलं असेल सांगायला. तो वाटेत सर्कस बघत बसला."

आत्या वाटी चाटून पुसून ठेवत म्हणाली, "जे थांबले त्यांचं पुढे काय झालं?"

"त्यांची शहरं झाली, आत्या."

"सगळ्यांची?"

त्याबद्दल मास्तर काही बोलले नव्हते.

१६ जून

काल लिहायचं राहिलं. मला हे हिंडणं का नकोसं झालं त्याला कारण आहे. मी जिपारएवढा असेन. उन्हाळी कुरणात मुक्काम होता, गवत कमरेएवढं, पाणी जवळ, कुणाला काही कमी नाही. चुलीवर दूध तापत होतं, मी वाटी घेऊन बसलो होतो. आई बाहेर जाऊन आली, तिनं ते दूध जमिनीवर ओतलं आणि कढई दारात पालथी घातली. बस्स. कुणी कुणाला विचारलं नाही. सूर्य डोंगरावर टेकायच्या आत सगळे तंबू घोड्यांवर होते. मी रडत विचारत होतो, "का? का?" तर आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. वळून पाहिलं तर एकच तंबू मागे उभा होता, इसाबेक मामाचा. त्यांच्या दारातून कुणी हात हलवला नाही आणि आमच्यातल्या कुणी निरोप घेतला नाही. नंतर कधी मामाचं नावसुद्धा निघालं नाही. भांडण झालं असणार.

असे आम्ही लोक! कढई पालथी झाली की उठून पळायचं. घर असतं तर पळाले असते का?

२८ जून

दादाबरोबर मार्मोटच्या शिकारीला गेलो. कातडी हवीत. तालुक्याच्या दुकानात कातड्यांच्या बदल्यात काच मिळते, आणि माझ्या खिडकीला काच नाही. चौकट आहे, काच नाही, म्हणजे डोळा आहे आणि बुबुळ नाही.

वरच्या उतारावर त्यांची बिळंच बिळं. लठ्ठ, पिवळट, मांजराच्या दुप्पट. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभे राहतात, पोटावर हात घेऊन, जावयाची वाट बघणाऱ्या सासऱ्यासारखे. माणूस दिसला की एक शीळ, आणि सगळे गायब. मी नेम धरला तर दादानं नळी खाली दाबली.

"शीळ घालू दे आधी."

"शीळ घातली की पळेल ना!"

"पळू दे. पुन्हा डोकं काढेल तेव्हा मार. शीळ न घातलेला मारायचा नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

दिवसभरात दोनच मिळाले. पण मला ती रीत आवडली. जनावराला आधी सावध व्हायची संधी द्यायची. आमच्या अडाणी लोकांतसुद्धा असा दिलदारपणा आहे. मास्तरांना सांगायला हवं.

९ जुलै

तालुक्याचा साहेब आला होता. सहाही घरं पाहिली, भिंतीवर थाप मारली, जवात उभा राहिला. म्हणाला, "कॉम्रेड तिलेक, ही वस्ती हिवाळाभर टिकली तर आसपासचे सगळे इथलंच उदाहरण घेतील." ऑगस्टच्या मध्याला आणखी बारा कुटुंबं घेऊन येतो म्हणाला. घोडे सध्या खालच्या खोऱ्यातल्या समाईक कळपातच राहतील. स्थिर माणसाला घोडे कशाला? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "इथून एकही माणूस हलणार नाही."

साहेब गेल्यावर शेजारचा झाकिप म्हणाला, "छाती तुझी, पाय आमचे."

दादाला गवतकापणीला नेलं आहे. पायी दोन दिवसांच्या वाटेवर. घराकडे बघ म्हणून गेला. जाताना आधी जिपारला कडेवर घेतलं, आणि मग मला म्हणाला, "बघशील ना?" मला जरा रागच आला. एकदा सांगितलं की पुरे.

१८ जुलै

जव निसवले, ओंब्या बाहेर आल्या. रानडुकरं येतात म्हणून ओढ्यापलीकडे मचाण बांधून मी तिथेच राहतो आहे. स्वतःची छोटी कढई आणली आहे, चहा करतो, मनाशी गातो. खरं सांगायचं तर घरात मला झोप लागत नव्हती. छपरात उंदीर धावतात, पिसवा चावतात. वहिनी म्हणते, तंबूत असताना कुठे होत्या पिसवा? मुक्काम हलला की त्या मागे राहायच्या. म्हटलं, भिंतीकडेनं चर खणून राख टाक. ती म्हणाली, "तू टाक. घर तुझंय."

२२ जुलै

आजचा दिवस सोन्याचा! वर गेलो तर मार्मोट उन्हात पडलेले. मला पाहून हलले नाहीत. एक उठला, दारुड्यासारखा दोन पावलं चालला आणि बसला. गोळी कशाला वाया घालवायची? काठीनं टिपले. चार! दादाला दिवसभरात दोन मिळतात आणि मला घटकाभरात चार. कुरण कसं शांत होतं, एकही शीळ नाही. दिलदारपणाचं मनात आलं, नाही असं नाही. पण ती रीत पळणाऱ्यांसाठी. जो पळतच नाही त्याला संधी कसली द्यायची?

वहिनीनं भराभर सोलले. तिचा हात सुरीवर बसलेला आहे. सगळ्यात लहान कातडं जिपारनं मागून घेतलं. त्याचं बाळ करून पोटाशी धरून झोपते म्हणे.

२३ जुलै

सकाळी आत्या वाळत घातलेल्या कातड्यांसमोर उभी होती. एकेक उलटून बघत होती.

"गोळीचं भोक कुठाय रे?"

"डोळ्यात मारली, आत्या. शहरात शिकलो नेमबाजी."

"चारही?"

"चारही."

ती माझ्याकडे वळली. "शीळ घातली होती त्यांनी?"

आता काय सांगणार? काठीनं मारले म्हटलं असतं तर सगळी वस्ती वर्षभर हसली असती. म्हटलं, "घातली की! तुझ्या लग्नातल्या वाजंत्र्यासारखी."

तिनं हातातलं कातडं पुन्हा वाळत टाकलं. मग "बरं" म्हणाली आणि भिंतीपाशी जाऊन बसली. म्हातारपणी माणसं कशाकशाचा विचार करतात!

काचेसाठी आणखी थोडी कातडी लागतील. आज पुन्हा वर गेलो, पण तिथे घाण वास सुटला होता, गिधाडं उतरली होती. परत आलो.

२७ जुलै

जिपारला ताप. उन्हात खेळते, दुसरं काय. वहिनीनं घोडीच्या आंबवलेल्या दुधाची आठवण काढली. ते मिळालं असतं तर उतरला असता, म्हणाली. घोड्या खालच्या खोऱ्यात. मी ओढ्यातला बर्फासारखा गार दगड कापडात गुंडाळून नेऊन दिला. तिनं कपाळावर ठेवला, आणि म्हणाली, "काका, उंटाचं सांग." सर्कशीतला उंट. सांगितलं, खिडकीच्या रिकाम्या चौकटीतून. ती हसली नाही. काखेत दुखतं म्हणाली.

२८ जुलै

काखेत कवडीएवढी गाठ आहे म्हणे. गळू असणार. भाजलेला कांदा बांधायला सांगितला.

आणि आज हद्द झाली. सकाळी पाणी द्यायला गेलो तर दारात मोठी कढई पालथी! शेजारी आत्या.

माझं डोकंच फिरलं. "लेकरू तापानं फणफणलंय आणि तुला हेच सुचलं? भांडण काढायचंय? कुठे जाणार आहात? कशावर बसून जाणार आहात? तंबू कापला मी! कापला!"

मी कढई उचलून सरळ केली आणि बाहेरच भिंतीपाशी आदळली. शेजारच्या घरांच्या दारांत बायका उभ्या होत्या. झाकिप डोक्यावर टोपी घालून तसाच उभा. कुणी जवळ आलं नाही, कुणी विचारलं नाही की पोरगी कशी आहे. हीच का शेजारची माणसं?

२९ जुलै

गेले. सगळे. पाच घरं, पाच दारांत पाच कढया, पालथ्या. पाठीवर पोरं, हातात बोचकी, पायी. उजाडायच्या आत. जव उभे टाकून! मी रस्त्यावर धावलो. झाकिप सगळ्यात मागे होता. मला पाहताच त्यानं हात वर केला. बोलावण्याचा नव्हे, दूर राहा असा.

"साहेबाला काय सांगू?" मी ओरडलो. "भेकडांनो! जव कोण कापणार?"

तो वळलाही नाही.

दुपारी वहिनीला हाक मारली. ती दाराशी आली, चौकट धरून. म्हणाली, "भावजी, मला थंडी वाजतेय." बाहेर ऊन रखरखत होतं.

मी खोटं लिहीत नाही. इसाबेक मामाचा तंबू आठवला. तो एकटा तंबू.

३० जुलै

दादा आला. कापणी टाकून. झाकिप त्याला खिंडीत भेटला असावा, कारण तो धावत आला होता. ओढ्याच्या काठावर थांबला, तोंड धुतलं, घराकडे पाहिलं. मी मचाणावरून उतरून धावलो तर गरजला, "थांब! पाण्याच्या पलीकडेच थांब."

थांबलो.

"घरात कधी झोपलास?"

"आठवडा झाला, जास्तच. मी इकडेच…"

"आणि आत कधी गेलास?"

"मार्मोट सोलले त्या दिवशी. नंतर नाही. खिडकीतून बोलतो."

त्यानं डोळे मिटले. "मग राहा तिकडेच. पाणी माझ्या वरच्या अंगाला भर. काखा आणि जांघा रोज चाचप."

आत्या भिंतीपासून उठली. तिनं मलाच विचारलं, ओढ्यापलीकडून, पुन्हा तेच, त्याच आवाजात.

"शीळ घातली होती?"

दादा माझ्याकडे बघत होता. पाण्याचा आवाज होता, तरी मला वाटलं जगात काही वाजतच नाही.

"नाही," मी म्हणालो. "नव्हती घातली."

मला वाटलं आता शिव्या बसतील. दादानं फक्त बंदूक खांद्यावरून काढली, दगडावर ठेवली, पट्टा नीट गुंडाळला. "तू लहान होतास," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं नाही. त्या दुखण्याचं नाव घ्यायचं नसतं, नाव घेतलं की ते वळून बघतं. ते लागलेलं जनावर शीळ घालत नाही, म्हणून ही रीत, म्हणून ती कढई. मला वाटलं, सोबत हिंडलास की आपोआप कळेल. पण तू हिंडलास दुसरीकडे."

"दादा, तू आत जाऊ नकोस."

"पोर माझी आहे."

"मग मीही येतो."

"तू आलास तर बारा कुटुंबांना कोण थांबवणार?" मग तो घराकडे बघून हसल्यासारखं करत म्हणाला, "तंबू असता तर शेवटी एक काडी लावली असती. छप्पर जळेल रे तुझ्या या घराचं, पण भिंती राहतील. कुणीही येईल आणि म्हणेल, वा, तयार घर."

तो आत गेला. मागोमाग आत्या उठली. झगा झटकला, भिंतीला एकदा हात लावला आणि उंबरा ओलांडला. पहिल्यांदाच.

"आत्या, तू कशाला?"

"पोरीच्या आईला पाणी द्यायला बाई लागते, बापाला जमत नाही," ती आतून म्हणाली. "आणि तूच म्हणत होतास ना, आत ये म्हणून."

२ ऑगस्ट

सकाळी घरातून चुलीचा धूर आला. दादानं दारातून सांगितलं, "जिपार गेली." एवढंच. कातड्याचं बाळ तिच्याबरोबर घातलं का, मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

५ ऑगस्ट

धूर आला. वहिनीचं विचारलं तर दादानं नुसती मान हलवली. दारात बसून खोकत होता. मला हातानं खूण केली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बस. ओढ्यापलीकडून मी त्याला मोठ्यानं उंटाची गोष्ट सांगितली. शेवटपर्यंत. उंटाचं पुढे काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकून तो म्हणाला, "मग? सोडून आलास?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "बरं केलंस."

तारीख माहीत नाही

धूर नाही. हाका मारल्या. आत्याचा आवाज आला असं वाटलं, पण ते रिकाम्या घरांतलं एखादं दार वाजत असावं.

दुसऱ्या दिवशी

धूर नाही.

१५ किंवा १६ ऑगस्ट

आज ते आले.

मी आधीच खाली उतारापाशी गेलो होतो. माझी छोटी कढई रस्त्याच्या मधोमध पालथी घातली आणि स्वतः वर दरडीवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलो. माझ्या काखेत काही नाही. तरी जवळ जायचं नव्हतं.

पुढे साहेब घोड्यावर, मागे बैलगाड्या. पहिल्या गाडीत एक म्हातारी, मांडीवर नातू. तिनं कढई पाहिली मात्र, गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबली. मागच्या सगळ्या थांबल्या. पोरंसुद्धा गप्प झाली.

साहेब ओरडला, "काय झालं? चला! घरं तयार आहेत!" मग त्याला कढई दिसली. घोड्यावरून उतरला, ती उचलली आणि सरळ करून बाजूला ठेवली. अगदी माझ्यासारखी. तेच मनगट, तोच वैताग.

"कॉम्रेड तिलेक! ही काय थट्टा? वस्तीतली माणसं कुठायत?"

म्हातारी माझ्याकडे बघत होती. कढई आता सरळ होती. तिनं काय समजायचं? गाडीवानानं कासरा सैल केला, बैल एक पाऊल पुढे सरकले. मांडीवरच्या पोरानं बोट दाखवून काहीतरी विचारलं. वस्तीतली छपरं तिथून दिसतात. माझ्या खिडकीची चौकटही दिसते.

नाव घ्यायचं नसतं. नाव न घेता मला एकच गोष्ट सांगता येत होती, आणि ती मी कुणाला सांगू नये असं मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं. मी दरडीवर उभा राहिलो आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडलो.

"शीळ घातली नव्हती! मी काठीनं मारले! घातली होती म्हणून खोटं सांगितलं! माझी पुतणी, वहिनी, दादा, आत्या! शीळ घातली नव्हती!"

म्हातारीनं नातवाच्या तोंडावर हात दाबला. माझ्या आईनं दाबला होता तसाच. गाड्या वळल्या. अरुंद रस्त्यावर बारा गाड्या वळायला वेळ लागतो, पण एकही बैल हंबरला नाही, एकाही माणसानं निरोप घेतला नाही. साहेब मधे उभा राहून कागदांबद्दल ओरडत होता. मग त्याच्या लक्षात आलं की तो एकटा उरला आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, वस्तीकडे पाहिलं, हात विजारीला पुसले आणि घोड्यावर चढला.

त्यानंतर

पहाटे पेटतं लाकूड छपरावर फेकलं आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहिलो. वासे जळाले, नमदे जळाले, तंबूच्या काठ्या जळाल्या. भिंती उभ्या आहेत. दादा म्हणाला होता तसंच झालं. खिडकीची चौकट सगळ्यात शेवटी जळाली. लाकडाला अजून वास होता.

जव पिकलेत. कुणी कापणार नाही, पाखरं खातील.

वर चाललो आहे, एकटा, पायी. कुठे ते माहीत नाही. जिथे शीळ ऐकू येईल तिथे थांबेन, आणि थांबणं झालं की पुढे जाईन. आज चहा नाही. भांडंच नाही. कढई रस्त्यावर ठेवून आलोय, पालथी, आणि ती कुणी पुन्हा सरळ करू नये म्हणून तिच्यावर माझ्यानं उचलेल तेवढा मोठा दगड ठेवलाय.